आजीच्या डब्यातली चांदी – उजळवायची किती आणि काळी ठेवायची किती?

रुपेरीकडा

आजीचा दागिन्यांचा डबा या महिन्यात माझ्याकडे आला. आत चारच वस्तू आहेत: एक पोकळ कडं, एक लांब साखळी, मोती बसवलेली अंगठी आणि फुलांची कानातली. सगळंच काळवंडलेलं. कानातली मला लहानपणापासून आवडायची, म्हणून हात आधी त्यांनाच लावला. भांड्यात अ‍ॅल्युमिनियमचं फॉइल अंथरलं, चमचाभर खायचा सोडा टाकला, वरून उकळतं पाणी ओतलं आणि कानातली त्यात सोडली. दोन मिनिटांत काळं गेलं.

गेलं ते सगळंच गेलं. प्रत्येक पाकळीच्या मुळाशी एक गडद रेघ होती, तिच्यामुळे पाकळी उचललेली दिसायची. ती रेघही गेली. आता फूल पत्र्यातून कापून काढल्यासारखं सपाट दिसतंय आणि रंग पांढरट झालाय, खडूसारखा. दोन दिवस झाले, चैन नाही.

घालवलेला काळा परत आणता येतो का? आणि बाकीच्या तीन वस्तूंना हात लावण्याआधी मला काय माहीत असायला हवं? कड्याच्या आतल्या बाजूला मनगटाच्या हाडापाशी घासून गुळगुळीत झालेली एक जागा आहे. ती माझ्या हातून बिघडू नये एवढीच इच्छा आहे.

ऐरण

आधी दिलासा देतो. तुमची कानातली बिघडलेली नाहीत. घडवणाऱ्याने मुद्दाम दिलेली काळी झाक उतरली आहे आणि ती परत देता येते.

मी चांदीकामच करतो. नक्षी उठून दिसावी म्हणून आम्ही वस्तू गंधकाच्या द्रावणात बुडवून पूर्ण काळी करतो, मग उंचवट्यांवरचं काळं पुसून काढतो आणि खाचांतलं तसंच ठेवतो. बाजारात याला ऑक्सिडाइज्ड म्हणतात, पण तो थर ऑक्साइडचा नसून सिल्व्हर सल्फाइडचा, म्हणजे चांदी आणि गंधक यांच्या संयुगाचा असतो. हवेने चांदी काळी पडते तेव्हाही हाच थर चढतो. म्हणून फॉइल-सोड्याला मुद्दाम दिलेला काळा आणि नको असलेला काळा यांतला फरक कळत नाही. तो दोन्ही काढतो.

नियम सोपा आहे. नक्षीदार वस्तू द्रवात बुडवायची नाही. फक्त उंचवटे फडक्याने पुसायचे आणि खाचांना हात लावायचा नाही. काळी झाक परत कशी द्यायची ते सविस्तर लिहितो, आत्ता कामावर आहे.

निळीशाई

मी तर सगळी चांदी टूथपेस्टनेच घासते. पांढरी टूथपेस्ट, जुना ब्रश, पाच मिनिटं. आरशासारखी होते. इतक्या वर्षांत काही बिघडलेलं नाही. उगाच रसायनं कशाला?

रसायनवेडी

फॉइलच्या भांड्यात नेमकं काय होतं ते आधी सांगते, कारण त्यावरून ही पद्धत कुठे वापरायची हे कळतं.

हवेत हायड्रोजन सल्फाइड हा गंधकाचा वायू अगदी थोडा असतो, पण चांदीला तेवढा पुरतो. दमट हवेत हे काम आणखी वेगाने होतं. सुरुवातीला थर इतका पातळ असतो की काळा दिसतच नाही. आधी फिकट पिवळा, मग तांबूस तपकिरी, मग निळसर जांभळा आणि शेवटी काळा. पाण्यावरच्या तेलाच्या तवंगाला रंग येतात तसेच हे रंग, थराच्या जाडीप्रमाणे बदलणारे. पिवळ्यावर पकडलं तर नुसत्या कोरड्या फडक्याने निघतं. काळ्यापर्यंत गेलं की मेहनत आली.

अ‍ॅल्युमिनियम चांदीपेक्षा फार क्रियाशील. गरम सोड्याच्या पाण्यात दोन्ही धातू एकमेकांना टेकले की एक छोटी बॅटरी तयार होते. अ‍ॅल्युमिनियम झिजतं, सल्फाइडमधलं गंधक सुटून पाण्यात जातं आणि चांदी पुन्हा धातू होऊन जागच्या जागी राहते. तेव्हा सडक्या अंड्यासारखा वास येतो तो सुटलेल्या हायड्रोजन सल्फाइडचा. खिडकी उघडी ठेवून करावं. चांदी फॉइलला टेकलेली नसेल तर काही होत नाही. पुष्कळांचा प्रयोग फसतो तो इथेच.

या पद्धतीत चांदी झिजत नाही, हे तिच्या बाजूने. पण परत आलेली चांदी गुळगुळीत पत्र्यासारखी नसते, तिचा पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत असतो. रुपेरीकडा, तुम्हाला दिसलेला खडूसारखा रंग तो हाच. मऊ फडक्याने हलकेच पुसलं की झळाळी येते. तसंच सोडून दिलं तर अशी चांदी आधीपेक्षा लवकर काळवंडते.

काही जण त्यात मीठही टाकतात. क्रिया चालायला सोडा पुरतो. मीठ टाकलंच असेल तर नंतर भरपूर साध्या पाण्याने धुवा. सांध्यांत राहिलेलं मीठ चांदीला आणि तिच्यातल्या तांब्यालाही खातं.

ऐरण

निळीशाई, तुमच्या पद्धतीबद्दल मनापासून सांगतो, राग मानू नका. कठिणपणा १ ते १० मध्ये मोजणाऱ्या मोह्स मापावर दाताचं इनॅमल, म्हणजे वरचं कठीण आवरण, ५ च्या आसपास येतं. चांदी अडीच ते तीन. टूथपेस्टमधले कण इनॅमलवरची पुटं खरवडण्यासाठी घातलेले असतात. ते चांदीवर फिरवले की ओरखडे उठणारच. मोबाइलचा कॅमेरा अगदी जवळ नेऊन तिरप्या उजेडात एक फोटो काढून बघा.

आणि घासून काढलेलं काळं म्हणजे नुसती घाण नव्हे. त्या सल्फाइडमध्ये चांदी आहे, ती फडक्याबरोबर जाते. एका वेळेला नगण्य, पण वर्षानुवर्षं दर महिन्याला घासलेल्या वस्तूंवरची अक्षरं आणि बारीक रेघा पुसट झालेल्या मी रोज पाहतो. ओरखडे काढता येतात, गेलेली नक्षी मात्र पुन्हा कोरावी लागते, आणि ती पहिल्या हाताची राहत नाही.

निळीशाई

फोटो काढला. अंगठीवर केसासारख्या गोल गोल रेघांचं जाळं आहे, सगळीकडे. मी त्यालाच चमक समजत होते. आजपासून टूथपेस्ट बंद. मग घासायचं कशाने?

धातुमित्र

बहुतेक वेळा घासायचंच नाही, धुवायचं. दागिन्यावर दिसणारा अर्धा काळेपणा सल्फाइडचा नसतोच. त्वचेचं तेल, क्रीम, पावडर, धूळ यांचा तो चिकट थर असतो. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, लहान मुलांचा अगदी मऊ ब्रश, आणि खाली एक वाटी किंवा टॉवेल. बेसिनच्या उघड्या भोकावर दागिना कधीच धुवू नका. धुतल्यावर सुती कापडाने टिपा आणि पूर्ण वाळू द्या. यानंतर जे उरतं ते खरं काळवंडणं.

त्याला चांदीसाठी मिळणारं पॉलिशचं फडकं पुरतं. गोल गोल फिरवू नका, एकाच दिशेने सरळ पुढे-मागे फिरवा. सरळ बारीक रेघा उजेडात लपतात, गोल रेघा उठून दिसतात. फडकं काळं झालं तरी वापरता येतं. ते धुवायचं मात्र नाही, धुतलं की त्यातलं औषध जातं.

त्याहून जास्त लागलं तर प्रेसिपिटेटेड कॅल्शियम कार्बोनेटची, म्हणजे द्रावणातून साका बसवून मिळवलेल्या शुद्ध खडूची अगदी बारीक पूड पाण्यात कालवून, ओल्या सुती बोळ्याने. कॅनेडियन कॉन्झर्वेशन इन्स्टिट्यूट ही संग्रहालयांतल्या वस्तूंच्या जतनाचं काम करणारी संस्था हीच पूड सुचवते. फळ्यावर लिहायचा खडू कुटून वापरू नका, त्यात खरखरीत कण असू शकतात.

मोरपीस१२

मोत्याच्या अंगठीबद्दल कुणी लिहिलेलं दिसत नाही, म्हणून लिहिते. रुपेरीकडा, ती फॉइलच्या भांड्यात टाकू नका. व्हिनेगर, लिंबू, चांदी बुडवून काढायचा द्रव, यांतलं काहीही मोत्याला लागू देऊ नका. मोती मुळात कॅल्शियम कार्बोनेटचा, आम्ल लागलं की त्याची कांती विरघळते. ती परत येत नाही. शिवाय बरेच मोती खिळीवर गोंदाने बसवलेले असतात आणि गरम पाण्यात गोंद सुटतो.

मी कान साफ करायच्या कापसाच्या काडीला किंचित ओलं करून फक्त धातूवर फिरवते, मोत्याला अंगठ्याने झाकून. मोती नंतर ओलसर मऊ कापडाने पुसायचा आणि लगेच कोरड्याने. फिरोजा, पोवळं, ओपल, अंबर यांनाही हेच लागू. फिरोजा सच्छिद्र असतो, साबण आणि तेल पिऊन हिरवट पडतो. पाचूच्या भेगांत बहुधा तेल भरलेलं असतं, गरम पाणी आणि ध्वनिलहरींनी दागिने साफ करणारं अल्ट्रासॉनिक यंत्र दोन्ही त्याला वर्ज्य.

जुन्या दागिन्यांत खड्याच्या मागे चकचकीत वर्ख लावून कोंदण मागून बंद केलेलं असतं. पाणी आत शिरलं की वर्ख काळा पडतो आणि खडा कायमचा निस्तेज होतो. कोंदण मागून बंद दिसलं की पाण्याचं नाव काढू नका.

सांजवेळ

पोकळ कड्याबद्दल माझा अनुभव. माझंही पोकळ होतं, जोडाजवळ केसाएवढी फट. मी ते बाटलीतल्या द्रवात बुडवलं. बाहेर काढलं तेव्हा बघत राहावं असं झालं होतं. धुतलं, पुसलं, ठेवून दिलं. तीन आठवड्यांनी उघडलं तर जोडातून तपकिरी ओघळ खाली आलेले आणि त्यांच्या कडेला पांढरी बुरशीसारखी पूड. द्रव आत शिरला होता आणि तिथूनच खात होता. पोकळ वस्तूच्या आतून काहीही धुऊन निघत नाही, हे मला तेव्हा सुचलं नाही. अजून ते कडं बघितलं की पोटात कालवतं.

रसायनवेडी

सांजवेळ, वाचून वाईट वाटलं. त्या द्रवांत बहुधा थायोयुरिया आणि आम्ल असतं. थायोयुरिया सल्फाइड विरघळवतं, म्हणजे फॉइलसारखी चांदी परत मिळत नाही, ती द्रवाबरोबर जाते. जास्त वेळ ठेवलं तर चांगल्या चांदीलाही बारीक खड्डे पडतात. थायोयुरिया माणसालाही चांगलं नाही, कॅन्सरकारक असल्याचा संशय असलेल्या रसायनांत त्याची गणना होते. दागिना अंगावर राहतो, त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: घरी हा द्रव नकोच.

ब्लीचही नको. क्लोरीनने सिल्व्हर क्लोराइड तयार होतं आणि ते उजेडात करडं-जांभळं पडतं. पोहायला जाताना चांदी काढून ठेवावी ती याचसाठी.

पाऊलवाट

मध्येच एक शंका. माझ्या बांगडीच्या कडेला घासल्यावर पिवळसर रंग दिसायला लागलाय, आणि एका ठिकाणी हिरवं. हे काळवंडण्यातलंच का?

ऐरण

नाही. घासणं लगेच थांबवा. ती बहुधा मुलाम्याची आहे. वर काही मायक्रॉन चांदी, खाली पितळ. पिवळं दिसतंय ते पितळ आणि हिरवं म्हणजे तांब्याचा गंज. कडा, आतली बाजू, फाशाची टोकं इथे मुलामा आधी जातो, तिथे नेहमी नीट बघावं.

शिक्का शोधा. ९२५ असेल तर हजारात ९२५ भाग चांदी, बाकी बहुधा तांबं. शुद्ध चांदी फार मऊ, म्हणून तांब्याची भर. ईपीएनएस अशी अक्षरं असतील तर निकल सिल्व्हरवर विजेने चढवलेला चांदीचा मुलामा. त्या निकल सिल्व्हरमध्ये नावापुरतीही चांदी नसते, ते तांबं, निकेल आणि जस्त यांचं मिश्रण. लोहचुंबकाला वस्तू चिकटली तर ती नक्कीच चांदी नाही. पण चिकटली नाही म्हणून चांदी ठरत नाही, पितळही चिकटत नाही.

आणखी एक प्रकार असतो, ९२५ वर ऱ्होडियम या प्लॅटिनमच्या जातीच्या धातूचा मुलामा. ते काळं पडत नाही आणि रंगाने थोडं गडद, पोलादी पांढरं दिसतं. त्याला पॉलिश लावलं की ऱ्होडियमच झिजतं. साबण-पाणी पुरे.

पॉलिश करून करून एखाद्या जागी करडा-जांभळट ढग उरला तर त्याच्या मागे लागू नका. घडवताना तापवलेल्या चांदीत ऑक्सिजन शिरतो आणि पृष्ठभागाखालच्या तांब्याचं ऑक्साइड होतं, तोच हा डाग. घरगुती उपायाने जात नाही.

निळीशाई

साखळीत गाठ पडली असेल तर? माझ्याकडे एक आहे, सोडवता सोडवता जास्तच आवळली.

धातुमित्र

ओढू नका. काचेवर किंवा ताटलीवर ठेवा, गाठीवर खनिज तेलाचा एक थेंब सोडा आणि दोन सुयांची टोकं गाठीच्या मधोमध घालून हळूहळू बाहेरच्या बाजूला फाकवा. आधी गाठ सैल आणि मोठी होऊ द्या, टोक शोधायची घाई नको. नंतर साबणाने धुवा. गोल सापासारखी सलग साखळी मात्र मुडपली की कड तशीच राहते, ती गुंडाळून कधी ठेवू नये.

ऐरण

दुरुस्तीचा विषय निघालाय तर कळकळीने एक विनंती. तुटलेली कडी घरच्या सोल्डरिंगच्या पेनाने आणि कथलाच्या तारेने जोडू नका. ते कथील पूर्ण खरवडून काढल्याशिवाय पुढे कुणालाच तिथे चांदीची झाळ देता येत नाही, कारण तापवलं की कथील आणि शिसं चांदीत शिरून भोकं पाडतात. तुटकी वस्तू तशीच आणून देणारा माणूस आमचं निम्मं काम वाचवतो. कानातल्याचा वाकडा आकडाही एकदाच, हळूच सरळ करा. पुन्हा पुन्हा वाकवलेली चांदी ताठर होते आणि मोडते.

आता रुपेरीकडाचा काळा. कारागीर पोटॅशियमच्या पॉलिसल्फाइडचं द्रावण वापरतात, पण घरी त्याची गरज नाही. एक अंडं कडक उकडा. गरम असतानाच अर्धं करून झाकणाच्या डब्यात ठेवा, शेजारी छोट्या वाटीत कानातली, अंड्याला न टेकता. झाकण लावा. उकडलेल्या अंड्यातून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडने चांदी हळूहळू तांबूस, मग तपकिरी, मग काळी होते. दर अर्ध्या तासाने बघत राहा, हवा तेवढा गडदपणा आला की काढा.

त्याआधी कानातली साबणाने स्वच्छ धुवा आणि मग उघड्या बोटांनी धरू नका. बोटाचं तेल जिथे लागेल तिथे रंग चढत नाही, ठिपका राहतो. काळं झाल्यावर पॉलिशचं फडकं बोटाला घट्ट ताणून गुंडाळा आणि फक्त पाकळ्यांच्या कडांवरून फिरवा. सैल फडकं खाचेत शिरतं, ताणलेलं वरूनच जातं. सगळं कसब या एका गोष्टीत आहे.

मोरपीस१२

हे वाचून माझ्या लक्षात आलं, मी अंड्यांच्या आणि रबर बँडच्या शेजारच्या खणात चांदी ठेवते!

धातुमित्र

आधी ते रबर बँड काढा. रबरात गंधक असतं आणि त्याचा पट्टा चांदीवर उमटतो, कागदात गुंडाळलेली असली तरी. लोकरीतही गंधक असतं, तेव्हा लोकरी कापड किंवा नमद्याचं अस्तर नको. वर्तमानपत्र नको, पुठ्ठ्याचा खोका नको. मऊ पीव्हीसीच्या पिशव्याही नकोत. साधी पॉलिथिनची झिपवाली पिशवी घ्या, एका पिशवीत एकच वस्तू, हवा दाबून बाहेर काढा. बरोबर गंधक शोषणारी एखादी पट्टी आणि सिलिका जेलची पुडी. पुडी वस्तूला टेकू देऊ नका. चांदीचे सूक्ष्म कण विणलेलं कापडही मिळतं, ते गंधक स्वतःवर घेतं आणि आतली वस्तू वाचते.

नेलपॉलिशचा पारदर्शक हात देऊ नका. तो ठिकठिकाणी उडतो आणि नेमक्या त्या ठिपक्यांतून चांदी काळी पडते.

आणि सगळ्यात सोपं म्हणजे वापरा. रोज अंगावर असलेली चांदी त्वचेवर आणि कपड्यांवर घासून आपोआप पुसली जाते. डब्यातली जास्त काळवंडते.

रुपेरीकडा

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काय केलं ते सांगते.

साखळीवर ९२५ चा शिक्का सापडला. साबणाच्या पाण्यातच ती निम्मी उजळली. नक्षी नाही, खडे नाहीत, पोकळ नाही, म्हणून तिच्यापुरतं फॉइल-सोडा केलं, भरपूर धुतली आणि फडक्यातून ओढून काढली. आता ती माझ्या गळ्यात आहे. अंगठीचा मोती ओल्या कापडाने पुसला, धातू काडीने. मोती धरून ठेवणारी धातूची दोन नखं किंचित उचललेली दिसली, ती मी दाबली नाहीत. कारागिराकडे द्यायला बाजूला ठेवली आहे.

कानातल्यांना दोन तास लागले. पहिल्या अर्ध्या तासात नुसता तांबूस रंग आला, दीड तासाने तपकिरी, मग एकदम खोल काळा. एका पाकळीवर माझ्या अंगठ्याचा ठसा उमटला होता, म्हणून ते एक कानातलं पुन्हा धुऊन, पुसून पहिल्यापासून केलं. मग फडकं ताणून कडांवरून फिरवलं आणि एकेक पाकळी वर आली. आधीची रेघ जास्त बारीक होती असं मला वाटतं, पण फूल पुन्हा फूल दिसतंय.

कडं फक्त कोरड्या फडक्याने बाहेरून पुसलं, पाण्याचा थेंबही लावला नाही. जोडापाशी खरंच एक फट आहे, भिंगातून दिसली. आतली गुळगुळीत जागा फडक्याने नाही पुसली. तिथे सगळ्यात कमी काळं होतं. कडं हातात घातल्यावर ती जागा माझ्याही हाडावर बरोबर बसते.